बिनदाराच्या तीन खोल्या

१. उघड्या चौकटी

घर विकत घ्यायच्या आदल्या दिवशी त्या घरातली दारंच चोरीला जावीत, असा योग फक्त आपल्याच पत्रिकेत असणार, असं सूनबाईला वाटलं.

वरच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या आणि एकीलाही दार नव्हतं. चौकटी जागेवर, खिडक्या जागेवर, पलंग आणि कपाटंही जागेवर, फक्त दारं गायब. घर दाखवायला आलेला एजंट जिन्याच्या तोंडाशी आ वासून उभा होता.

"चोरी!" तो शेवटी म्हणाला. "मंदीत हेच चाललंय. रिकाम्या घरातले नळसुद्धा उपटून नेतात लोक."

त्या मंदीच्या कृपेनेच तर ही मंडळी इथवर पोचली होती. या परक्या देशात घरांचे भाव असे घसरले होते की गल्लोगल्ली 'विकणे आहे'च्या पाट्या लागल्या होत्या आणि एरवी फोनवर धड उत्तर न देणारे एजंट आता स्वतः गाडीचं दार उघडून धरत होते. सूनबाई दातांच्या दवाखान्यात फोन आणि अपॉइंटमेंटा सांभाळायची, नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्न झाल्यापासून दोघं भाड्याच्या खोल्यांत. ब्रश तोंडात धरून परक्यांच्या बाथरूमसमोर रांग लावायची, आणि जरा पडदे-बिडदे लागले की मालकाने सांगायचं, खोली सोडा, भाचा येतोय. तेव्हा सूनबाईने जाहीर करून टाकलं होतं, की आता घेईन तर स्वतःचं घर. खुराड्याएवढं चालेल, पण बाथरूम माझी एकटीची. दोघांनी पोटाला चिमटा काढून जमवलेलं सगळं या एका घरात जाणार होतं. उद्या सकाळी सही होती.

घर शोधलं नवऱ्याने, पाहिलंही त्यानेच. सूनबाईला रजा मिळाली नव्हती. आज रविवार, म्हणून ती पहिल्यांदाच आली होती, आणि सोबत महिनाभरासाठी आलेली नवऱ्याची आत्या. आत्या म्हणजे नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहाची निवृत्त रेक्टर. तिच्या राज्यात उशिरा येणारी मुलगी तर सोडाच, चोरून आणलेली इस्त्रीसुद्धा फाटक ओलांडू शकली नव्हती.

"मी मालकिणीला फोन लावतो," एजंट म्हणाला. "दारं गेली म्हटल्यावर किंमत खाली आणावीच लागेल तिला."

"जाऊ द्या हो," नवरा घाईने म्हणाला. "दारंच तर आहेत. म्हाताऱ्या बाईला कशाला त्रास? उद्या सही करू, दारं मी बघतो."

केवढं मोठं मन, असं सूनबाईच्या मनात आलं आणि तिला नवऱ्याचं कौतुकही वाटलं. आत्याला इथली भाषा येत नव्हती, पण ती भाच्याच्या चेहऱ्याकडे चष्मा सावरून पाहत होती.

"सोन्या काय म्हणाला गं?" तिने विचारलं.

सूनबाईने सांगितलं.  आत्या एका चौकटीपाशी वाकली, बिजागरीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "सूनबाई, हा चोर मला आवडला. इकडे ये."

२. नीटनेटका चोर

दार गेलं तरी बिजागरीचा अर्धा भाग चौकटीवर असतोच. आत्या दाखवत होती ती त्यातली पिन. कुणीतरी पिना वर ठोकून काढल्या होत्या, दारं अलगद उचलली होती आणि मग प्रत्येक पिन पुन्हा आपापल्या बिजागरीत घालून ठेवली होती. तिन्ही चौकटींना तेच. खाली लाकडाचा भुसा नाही, रंगाचा टवका नाही.

"चोराला कुठला वेळ पिना जागेवर ठेवायला?" आत्या म्हणाली. "पिन परत कोण घालतं? ज्याला दार परत लावायचंय तो."

आता सूनबाईच्याही डोक्यात चक्रं फिरू लागली. दवाखान्यात वाट पाहणाऱ्यांसाठी ठेवलेली घरांची मासिकं तिने पुष्कळ चाळली होती. तिचा चेहरा उतरला.

"आत्या, घर खचतंय!" ती म्हणाली. "जमीन खचली की घर कलतं, चौकटी वाकड्या होतात, दारं लागेनाशी होतात. घेणाऱ्याला कळू नये म्हणून दारंच काढून ठेवायची. उद्या सही झाली की लावतील, आणि आपण आपल्या तिरक्या घरात बसू बोंबलत!"

आत्याने क्षणभर विचार केला. मग तिने पर्समधून औषधाची गोल बाटली काढली आणि खोलीच्या मधोमध जमिनीवर आडवी ठेवली. तिघंजण वाकून पाहत राहिले. एजंटही पाहत राहिला, कारण तीन माणसं वाकल्यावर चौथ्याला राहवत नाही. बाटली जागची हलली नाही. दुसऱ्या खोलीत हलली नाही, तिसऱ्या खोलीतही नाही.

"आणि हे बघ," आत्या म्हणाली. तिने जिन्याशेजारच्या बाथरूमचं दार लावलं, उघडलं, परत लावलं. लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं. "घर कललं असतं तर हेही अडलं असतं. खालच्या पुढच्या खोलीला दार आहे, स्वयंपाकघराला आहे, बाथरूमला आहे. मग या तीनच खोल्यांशी कुणाचं काय वाकडं?"

"आत्या, पुरे आता," नवरा हसत म्हणाला, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "निघायचं का? भूक लागलीय."

"बाहेरचं कुलूप तुटलंय का विचार गं त्याला," आत्या म्हणाली.

सूनबाईने एजंटला विचारलं. कुलूप शाबूत होतं. किल्ली कुणाकुणाकडे होती? एक मालकिणीकडे, एक स्वतः एजंटकडे. आणि तिसरी, एजंटने आठवून सांगितलं, गेल्या आठवड्यात साहेबांनी मागून नेली होती, पडद्यांची मापं घ्यायला.

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "मापं घेतलीस? मला बोलला नाहीस."

"विसरलो," नवरा म्हणाला.

तेवढ्यात खाली दार वाजलं. मालकीण येऊन पोचली होती.

३. 'बिचाऱ्या'

मालकीण शेजारच्याच गल्लीत राहायची. हातात काठी, पायात घरातल्याच सपाता. नवरा नको म्हणाला तरी एजंटने फोन केलाच होता, तशी निघून आली होती. जिना चढून तिने चौकटी पाहिल्या आणि मटकन पलंगावर बसली.

"तुम्ही तर काढून नेली नाहीत ना?" सूनबाईने शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं. "जुन्या सागाची असतील, जीव असेल दारांवर."

"मी नेऊन लावू कुठे, डोक्यावर?" म्हातारी फणकारली. "एका खोलीत राहते मी मुलीपाशी. साधी दारं होती, रंग उडालेली. अगं बाई, पण आता संध्याकाळी आल्यावर त्या बिचाऱ्या..."

एजंटला जोरात खोकला आला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, मग सूनबाईच्या नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"कोण बिचाऱ्या?" सूनबाई म्हणाली.

"चिमण्या," एजंट म्हणाला. "इथे चिमण्या फार येतात."

सूनबाईने भाषांतर केलं. आत्या म्हणाली, "चिमण्यांना दारं लागतात हे मला ठाऊक नव्हतं."

मग तिने फर्मान काढलं की शेजारी कोण राहतं ते पाहायचं. शेजारी सुतार निघाला. अंगणातच त्याची शेड होती. करवती भिंतीवर ओळीने टांगलेल्या, यंत्रावर धुळीचा थर, कोपऱ्यात काहीतरी मोठं चादरीखाली झाकलेलं. मंदीत घरं बांधली जात नाहीत आणि घरं बांधली नाहीत तर सुताराला कोण विचारतं? काम नसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी फार झोप झाल्याची कळा असते, ती त्याच्या चेहऱ्यावर होती.

सूनबाईने सगळं सांगितलं. शेजारच्या घरातली तीन दारं चोरीला गेली, आम्ही घर घेतोय, तुम्ही काही पाहिलंत का?

"नाही," सुतार म्हणाला. "मी बाहेर होतो."

"कधी?"

"जेव्हा गेली तेव्हा."

"कधी गेली?"

सुताराने मान खाजवली. तो सूनबाईकडे पाहत नव्हता, तिच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "बरं, मला काम आहे," आणि धूळ बसलेल्या यंत्राकडे जाऊन उभा राहिला.

परत येताना आत्या खुशीत होती. आता एकदा स्वयंपाकघर पाहायचं, म्हणाली. नवरा म्हणाला, स्वयंपाकघरात काय पाहायचंय, तिथलं दार तर जागेवर आहे.

"म्हणूनच," आत्या म्हणाली.

४. मीठ

स्वयंपाकघर मोठं होतं, मागच्या अंगणाकडे उघडणारं. सूनबाईला ते पाहताक्षणी इतकं आवडलं की ती मनातल्या मनात मांडामांड करू लागली. इथे ओटा, इथे डबे, खिडकीत एक कुंडी. उद्याच्या सहीत काही घोळ निघाला तर हे सगळं हातचं जाणार होतं आणि पुन्हा कुणाच्या तरी भाच्यासाठी खोली सोडायची पाळी येणार होती.

आत्या कपाटं उघडत सुटली होती. पन्नास मुलींच्या वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ फेरी मारलेल्या बाईला कपाट उघडायला कुणाची परवानगी लागत नाही.

"ये, बघ," ती म्हणाली. "काय दिसतं?"

"मीठ," सूनबाई म्हणाली.

"आणि इथे?"

"तेही मीठ. आत्या, हेही मीठच आहे."

तीन वेगवेगळ्या कपाटांत तीन मिठाच्या बरण्या होत्या. तीन चहाचे डबे, तीन साखरेचे. नळापाशी भांडी घासायचे तीन स्पंज, निळा, हिरवा, पिवळा. आत्याने पिवळा दाबला तर पाणी निघालं.

"रिकामं घर म्हणे," ती म्हणाली. "तीस वर्षं बायका सांभाळल्यात मी. एका छपराखाली राहणाऱ्या बायका एकमेकींच्या साड्या नेसतील, चपला घालतील, एकीच्या खांद्यावर दुसरी रडेल. पण मिठाची बरणी प्रत्येकीची वेगळी. एका संसारात मीठ एकच असतं, सूनबाई. तीन मिठं म्हणजे तीन बिऱ्हाडं."

सूनबाई धावत वर गेली. बाथरूममध्ये तीन साबणदाण्या होत्या. मघाशी तिने त्या पाहिल्या होत्या, पण पाहूनही पाहिल्या नव्हत्या. एक साबण अजून ओला होता. वरच्या खोल्यांतली तिन्ही कपाटं कुलूपबंद होती. "सामानासकट विक्री आहे, किल्ल्या उद्या मिळतील," असं नवऱ्याने सकाळीच सांगितलं होतं.

ती सावकाश खाली आली. तिच्या आता सगळं लक्षात येत होतं, आणि येऊ नये असंही वाटत होतं.

"इथे भाडेकरू राहतात," ती म्हणाली. "बायका. 'बिचाऱ्या'."

"तीन बायका, तीन खोल्या," आत्या म्हणाली. "आणि खोली-खोलीने भाड्याने दिलेल्या घरात असं काय असतं, जे कुटुंबाच्या घरात नसतं? खोलीच्या दारातच बसवलेलं कुलूप. जाडजूड, नंबर घातलेलं. ते दार पाहिलं असतंस तर तू उंबऱ्यावरूनच ओळखलं असतंस. अशाच दारांमागे तर राहतेस तू आजवर."

"म्हणजे मालकिणीने लपवलं!"

"मालकीण रिकाम्या चौकटी पाहून मटकन बसली. तिला भाडेकरू ठाऊक होते, दारांचं नव्हतं ठाऊक. एजंटचंही तसंच, त्याचा आ मी मोजलाय. नाही, दारं काढणारा तिसराच." आत्याने एक खुर्ची ओढली. "सगळ्यांना बोलाव. आणि सोन्याला म्हणावं, दाराजवळ बसू नकोस."

५. कोण काय बोललं नाही

मालकीण, एजंट, सुतार आणि नवरा टेबलाभोवती बसले. सुतार यायला तयार नव्हता, पण आत्याने त्याच्या शेडच्या दारात जाऊन नुसतं पाहिलं होतं. त्यासाठी भाषा लागत नाही.

"मला इथली भाषा येत नाही," आत्याने सुरुवात केली आणि सूनबाई भाषांतर करू लागली. "म्हणून कोण काय बोललं हे मला कळलं नाही. पण मग माणूस कोण काय *नाही* बोललं याकडे लक्ष देतो. आता हा सुतार. काम नाही, यंत्रावर धूळ. शेजारच्या घराची तीन दारं गेली असं नवी मालकीण घरी येऊन सांगते. कुठलाही सुतार पहिल्या झटक्याला काय म्हणेल?"

"मी बनवून देतो," सूनबाई म्हणाली आणि थांबली.

"हा म्हणाला नाही. कारण नवी दारं लागणारच नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जुनी त्याच्याच शेडमध्ये आहेत, चादरीखाली."

भाषांतर पोचलं तसा सुतार कानापर्यंत लाल झाला.

"पण सुताराला स्वतःहून दारं काढायचं काय कारण? कुणीतरी मदतीला बोलावलं. कोण? ज्याच्याकडे किल्ली होती. पडद्यांची मापं घ्यायला नेलेली, आणि मापं मात्र 'विसरलो'. ज्याला प्रत्येक पिन जागेवर ठेवायची खोड आहे. लिफ्टमध्ये काम करणाऱ्याला एक स्क्रू इकडचा तिकडे झालेला चालत नाही. लहानपणी याने माझं घड्याळ खोललं होतं, तेव्हासुद्धा सगळे स्क्रू वाटीत ओळीने ठेवले होते. घड्याळ पुढे कधी चाललं नाही, ते सोडा."

आता सूनबाई भाषांतर करायची थांबली होती. एजंट, मालकीण, सुतार कुणालाच त्याची गरज वाटली नाही.

"तरी मी मनाची समजूत घालत होते," आत्या म्हणाली. "माझाच भाचा, भावाचा मुलगा. पण सूनबाई, तूच सांग. मेथीच्या जुडीवर दोन मिरच्या फुकट घेतल्याशिवाय हा पुढे सरकतो का? लग्नात याने बँडवाल्याला एक गाणं फुकट वाजवायला लावलं होतं. आणि आज एजंट आपण होऊन म्हणतो किंमत कमी करतो, तर हा म्हणतो, 'जाऊ द्या हो, दारंच तर आहेत'! त्याच क्षणी मला कळलं. माणूस खोटं बोलेल, पण सवलत सोडेल? स्वतःच चोरलेल्या दारांची सवलत मागायला मात्र त्याची जीभ रेटली नाही. तेवढा चांगला आहे तो."

नवरा टेबलावर बोटाने रेघा ओढत होता.

"कुलूप काढलं की दारात हाताएवढं भोक दिसतं," तो अखेर म्हणाला. "भोक बुजवून रंगवायला वेळ नव्हता. दार काढलं की भोकही जातं."

"वा," आत्या म्हणाली.

"तुला सांगणार होतो," तो सूनबाईला म्हणाला. "शपथ. सही झाल्यावर. अगं, मंदी असली तरी मोकळं घर आपल्याला परवडत नाही. दहा घरं पाहिली मी. इथला कायदा असा, की भाडेकरू असले तर घर विकलं तरी ते राहतात, म्हणून हे एवढं स्वस्त. आपल्याला खालची पुढची खोली पुरली असती. पण तू म्हणालीस ना, बाथरूम माझी एकटीची. मला वाटलं, तू नाही म्हणशील आणि भाव वर गेले की जन्मभर भाड्याने राहू. म्हणून एजंटला म्हटलं, बायकोला मी सांगतो, तुम्ही बोलू नका."

"सही झाल्यावर म्हणजे कधी?" आत्याने विचारलं. "त्या तिघी टॉवेल घेऊन रांगेत उभ्या राहिल्यावर?"

सूनबाईला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला धड काहीच करता येईना. "मी घराला नाही म्हटलं असतं की नाही, ते मला ठरवू द्यायचं होतंस," ती म्हणाली. "पैसे दोघांचे आहेत. कष्ट दोघांचे आहेत. आणि तू मला फसवलंस. मी उद्या सही करणार नाही."

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. मालकिणीने काठी घट्ट धरली. आणि त्याच वेळी बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

६. पहिला नंबर

तिघी एकदमच आल्या. पुढे बस चालवणारी, गणवेशातच. तिच्यामागे नर्स. शेवटी पियानो शिकवणाऱ्या वयस्कर बाई, हातात भाजीची पिशवी. दारांना रंग लावायचाय, सामान कपाटात कुलूप लावून ठेवा, असं त्यांना एका 'नीटनेटक्या साहेबाने' सांगितलं होतं. टेबलाभोवती एवढी माणसं पाहून त्या दारातच थबकल्या.

पियानोवाल्या बाईंनी मालकिणीकडे पाहिलं, मग सूनबाईकडे. त्यांना काही विचारावं लागलं नाही. पिशवी खाली ठेवून त्यांनी पदर नसलेल्या कोटाचीच बटणं नीट केली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "तुम्हीच घर घेताय ना? आम्हाला किती दिवसांत जागा सोडावी लागेल?"

कायद्याने सोडावी लागत नव्हती. पण भाड्याने राहिलेल्या माणसाचा कायद्यावर विश्वास बसत नाही, हे सूनबाईइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक होतं? हा प्रश्न तिने स्वतः किती मालकांना विचारला होता. असाच, कोटाची बटणं लावत, आवाज हलू न देता. आज पहिल्यांदा कुणी तो तिला विचारत होतं.

आणि तिला एकदम लख्ख उमगलं, की बाथरूमचं निमित्त होतं. रांगेचा तिला कधी एवढा त्रास झालाच नव्हता. त्रास झाला तो रांगेतून केव्हाही बाहेर काढतील याचा. या घरात तिला कुणीही 'निघ' म्हणू शकणार नव्हतं, ना बाथरूम वाटून घेतल्याने, ना न घेतल्याने.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "दारं आण," ती म्हणाली. "तिन्ही. कुलपांसकट. आत्ताच्या आत्ता लाव. मग सहीचं बघू. आणि कागदावर पहिलं नाव माझं."

"पहिलं काय, एकटीचं घाल," नवरा उठत म्हणाला. सुतार त्याच्या आधीच दाराबाहेर पोचला होता.

"आणि दारं परत मिळाली तरी," सूनबाई एजंटकडे वळली, "भाडेकरू लपवल्याबद्दल किंमत कमी होणार. तोंड उघडू नका, पुन्हा चिमण्या येतील."

एजंटने मुकाट्याने मालकिणीकडे पाहिलं. म्हातारी सुटकेने हसली आणि मान डोलावली. आत्याने भाचेसुनेकडे असं पाहिलं, जसं ती वसतिगृहाच्या किल्ल्या दुसऱ्या रेक्टरकडे सोपवताना पाहत असेल.

पियानोवाल्या बाई अजून उभ्याच होत्या. त्यांना उत्तर मिळालं नव्हतं.

"तुम्ही कुठे निघालात?" सूनबाई त्यांना म्हणाली आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा आधी. आणि मला एक सांगा, सकाळी बाथरूममध्ये पहिला नंबर कुणाचा असतो?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"माझा," बसवाली जरा घाबरतच म्हणाली. "पहाटेची गाडी असते."

"मग दुसरा माझा," सूनबाई म्हणाली.

वरून पहिल्या बिजागरीत पिन ठोकल्याचा आवाज आला. नर्सने छताकडे बोट केलं. "आणि त्यांचा?"

"तो शेवटी," सूनबाई म्हणाली. "सगळ्यांचं आटोपल्यावर. पाणी उरलं तर."